बाहुलीचा लहान डोळा

"काकू, उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गाठीसारखं काहीतरी दिसतंय," सोलापूरचे छातीचे डॉक्टर म्हणाले. अशा वेळी माणसाला काय वाटतं, असं मला नंतर बऱ्याच जणींनी विचारलं. खरं सांगायचं तर पहिला राग आला तो 'काकू'चा. मी पन्नाशीची, ते चाळिशीतले. 'गाठ' हा शब्द त्यानंतर डोक्यात शिरला.

त्यांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. 'एंडोब्रॉन्कियल लिजन' असं तिचं नाव. म्हणजे श्वासनळीच्या फांदीत, आतल्या बाजूनं काहीतरी वाढलेलं. ते नळी अडवतं. मग पलीकडच्या भागात हवा जात नाही, तो भाग दबतो, कफ साचतो आणि पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. माझ्या फिल्मवर तो भाग धुरकट पांढरा दिसत होता.

"कॅन्सर हाय का?" आमच्या यांनी विचारलं. यांना आडवळणानं बोलता येत नाही.

"तपासल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले.

परत येताना बसमध्ये मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघितलं. त्यात 'नाही' दोनदा होतं, पण एकाचाही उपयोग नव्हता. नळदुर्ग मागं गेलं तरी माझं तेच चाललं होतं. 

मी सुनंदा. उमरग्यात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, मणी, लेस, बायकांना लागणारं सगळं. हे गल्ल्यावर बसतात, मी मालात. लग्न होऊन आले तेव्हापासून शिडीवर चढून वरच्या फळीवरचे बॉक्स काढायचं काम माझंच. ज्यांना महिनोन्महिने खोकला आहे आणि ज्यांचे हात कायम कशात तरी गुंतलेले असतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

खोकला सुरू झाला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. आधी कोरडा. मग ताप आला, उजव्या कुशीत दुखायला लागलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, न्यूमोनिया म्हणाले, अँटिबायोटिक दिलं. बरं वाटलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा त्याच जागी. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. दमा असेल म्हणून ओढायचा पंप दिला, त्यानं काडीचा फरक पडला नाही. उमरग्यात डॉक्टर कमी पडले तर गिऱ्हाइकं आहेतच. एकीनं अडुळसा सांगितला, एकीनं ज्येष्ठमध. एक बाई म्हणाली, "कुणाची तरी दिष्ट लागली." माझी दृष्ट काढून काय मिळणार होतं कुणाला, हे मी तिला विचारलं नाही, कारण ती बांगड्या बघत होती.

पावसाळ्यात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पुन्हा एकाच जागी होतोय, हे मला पटत न्हाय. सोलापूरला दाखवा." त्यांनी वेळेवर पाठवलं, हे मी मानते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारला होता. तो इथं मुद्दाम लिहिते. "खाताना कधी जोराचा ठसका लागला होता का? शेंगदाणा, सुपारी, हाडाचा तुकडा, असं काही?" आम्ही लिंगायत, हाडाचा प्रश्नच येत नाही. सुपारी मी खात नाही. शेंगदाण्याचं मी आठवून बघितलं आणि "न्हाय" म्हणाले. यांनीही मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं.

आता बाहुल्यांचं सांगते, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळणार नाही.

आमचा फोनवर बाहुल्या करणाऱ्या बायकांचा एक गट आहे. धाराशिवच्या विद्याताई तो चालवतात. बाहुली म्हणजे अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, कापडाची, पाठीला पिन लावलेली. साडीच्या खांद्यावर, ओढणीवर, पर्सला, कुठंही लावायची. दर सणाला विद्याताई चिठ्ठ्या काढतात आणि जिचं नाव निघेल तिला आपण बाहुली करून पाठवायची. पाठवणारीनं नाव सांगायचं नाही. मिळालेली बाहुली अंगावर लावून चारचौघांत जायचं, बँकेत, बाजारात, लग्नात, आणि फोटो टाकायचा. मग टाका बघून ओळखायचं, ही कुणाच्या हातची. ओळखेपर्यंत करणारीनं तोंड उघडायचं नाही. बाहुली विकायची नाही, परत मागायची नाही. आणि बाहुलीला तोंड काढायचं नाही. तोंड काढलं की ती कायम हसत बसते नाहीतर रडत बसते, असं विद्याताईंचं म्हणणं. म्हणून डोळे जरा मोठे लावायचे. सगळी बाहुली त्या दोन मण्यांवर असते.

रिकामटेकड्या बायकांचा उद्योग, असं कुणी म्हणेल. आमचे हे म्हणायचेच. पण दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या हातात बांगड्या चढवल्यावर, ज्याला कुणी भाव विचारणार नाही असं काहीतरी करावंसं वाटतं. एवढंच.

गेल्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला शेतात जेवायचा आमचा सण, माझ्या चिठ्ठीत नळदुर्गच्या रेहानाचं नाव निघालं होतं. तिच्या नवऱ्याचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे, ती घरी बुरखे आणि शाळेचे गणवेश शिवते. फोनवर आमचं बोलणं व्हायचं, भेट कधी झाली नव्हती. मी तिच्यासाठी डोक्यावर अंबिलाचं मडकं घेऊन शेताकडं निघालेली बाई केली. काळं इरकल, हिरवा काठ, मडकं मातीच्या मण्याचं. अगदी शेवटी कुरिअरवाला दारात येऊन उभा राहिला आणि घाईत एक डोळा लहान लागला. तशीच पाठवून दिली.

रेहानाला काही ओळखता येईना. तिनं दोन-तीन नावं घेतली, सगळी चुकली. मग तिनं गटावर जाहीर केलं, "बनानेवाली सापडल्याबिगर मी हिला उतरवणार न्हाय." मी फोटो बघितला, हसले, गप्प बसले. नियम म्हणजे नियम. पुढं खोकल्यात मी गटाकडं बघायचंच सोडलं.

तर, तपासण्या.

ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे नाकातून एक बारीक, वाकणारी दुर्बीण श्वासनळीत घालून आत बघायचं. त्याआधी घसा बधिर करायला कडू फवारा मारतात. दुखत नाही, पण आपण गुदमरतोय असं सारखं वाटतं. गुदमरत नसतो, हे लक्षात ठेवा. डॉक्टर सारखं म्हणत होते, "काकू, खोकू नका." खोकल्यासाठी आणलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमालच.

आत लालसर मांसाचा गोळा दिसला. स्पर्श झाला की रक्त यायचं. त्याचा तुकडा घेतला, त्याला बायोप्सी म्हणतात, आणि तो तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले हे विचारू नका. मी दुकानात जात होते. बांगड्या चढवत होते. एका नवरीला हिरवा चुडा भरताना तिची आई म्हणाली, "अक्का, हात लई थंड झालेत तुमचे." मी म्हणाले, पंख्यामुळं. मला भीती वाटत होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी मी लपवत होते. गटावर कळवलं नाही, माहेरी कळवलं नाही. हे रात्री कूस बदलत राहायचे, मी झोपल्याचं सोंग करायचे.

रिपोर्टात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. नुसती सूज, असं लिहिलं होतं. यांनी तिथल्या तिथं हात जोडले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "तुकडा वरवरचा आला असेल," ते म्हणाले. "खाली काय आहे ते यावरून सांगता येत नाही. आणि काहीही असलं तरी हा भाग असाच सडत राहिला तर ताप येत राहणार." त्यांनी सर्जनकडं पाठवलं. सर्जननी 'लोबेक्टमी' सांगितली. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, त्यातला खालचा काढून टाकायचा. बरगड्यांमधून जाऊन.

"शिडीवर चढता येईल का?" मी विचारलं.

"हळूहळू येईल," सर्जन म्हणाले. "पण पहिल्यासारखा दम राहणार नाही."

ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी आतला जंतुसंसर्ग कमी करायचा म्हणून मला भरती केलं आणि शिरेतून औषध सुरू झालं. वॉर्डात माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्या दिवसभर कन्नडमध्ये सुनेला नावं ठेवायच्या. त्यांना वाटायचं मला कळत नाही. मला सगळं कळत होतं, आणि खरं सांगते, त्यामुळं वेळ बरा गेला.

तिथंच रेहानाचा फोन आला. गौरीच्या सणाला मला आलेल्या बाहुलीचा फोटो मी टाकला नव्हता, विद्याताई विचारत होत्या. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती हजर. हातात डबा, अंगावर काळा बुरखा आणि खांद्यावर अंबिलाचं मडकं घेतलेली माझी बाहुली. रेहाना माझ्यापेक्षा बरीच लहान, उंच, आवाज खणखणीत. फोनवर ती मला बारीक अंगाची वाटली होती.

"सुनंदाक्का, तुमी एवढ्या खेपा घातल्या, बस माझ्या दारावरून जाती, आन् मला सांगायचं न्हाय व्हय?" ती म्हणाली आणि कॉटवर बसली. यांनी तिला खुर्ची दिली, ती तिनं डब्यासाठी वापरली.

मी ऑपरेशनचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "अल्ला बरं करंल," म्हणाली आणि माझा पाय चेपायला लागली. नको म्हटलं तर, "नक्को काय, गप बसा." मग मला दुसरीकडं रमवावं म्हणून असेल, तिनं खांद्यावरची बाहुली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"तुमची नजर बारीक हाय अक्का. बघून सांगा ना, कुणाच्या हातची ही?"

"मला काय ठाऊक."

"टाका तुमच्यासारखा हाय. पण तुमी न्हाय. तुमच्या बाहुलीचे डोळे लहानमोठे होतच न्हाईत. ही कुणी तरी वेंधळी बाई हाय बघा. एक मणी हरवला तिचा, मग हाताला आला तो दिला ठोकून."

माझ्या छातीत काय आहे ते देवाला ठाऊक, दोन दिवसांनी फुप्फुस कापणार, आणि ही बया मला वेंधळी म्हणतेय. मला राहवलं नाही.

"हरवला न्हाय गं, गिळला मी!"

रेहानानं टाळी वाजवली. "पकडली! अक्का, तुमीच! हौ की न्हाय?" अख्खा वॉर्ड आमच्याकडं बघायला लागला. आजींनी सुनेचं थांबवलं. मला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. यांनी पाणी दिलं, पाठीवर थापटलं. थापटता थापटता त्यांचा हात मध्येच थांबला.

"सुनंदा," हे म्हणाले, "त्या दिवशीबी मी असंच थापटलं होतं."

मग आठवलं, सगळं.

येळवशीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. दुकानात गर्दी, मी काउंटरवर बाहुली पुरी करत होते. मणी तोंडात, गालात धरायची माझी सवय. हात मोकळे राहतात आणि ओला मणी घरंगळत नाही. आमच्या गटातल्या निम्म्या बायका असंच करतात. एक डोळा लावून झाला होता, दुसरा गालात होता. आमच्या दुकानात नेहमी येणारी एक म्हातारी बाहुलीकडं बघून म्हणाली, "ही बाई वझं घेऊन निघाली शेताला, मग हिचा नवरा कुठाय?" आमचे हे मान वर न करता म्हणाले, "गल्ल्यावर बसलाय." मी जी हसले, तो मणी गेला. डोळ्यांत पाणी आलं, श्वास घेता येईना, यांनी पाठीत धपाटे घातले. मग खोकला थांबला. हे म्हणाले, "पोटात गेला, उद्या जाईल." बाहेर कुरिअरवाला हॉर्न वाजवत होता. त्या आकाराचे मणी शोधायला वेळ नव्हता, हाताला लागला तो लावला. दुसऱ्या दिवशी शेतात मी भज्जी, ती येळवशीची मिसळीची भाजी, जरा जास्तच खाल्ली, मणी वाहून जावा म्हणून. आणि विसरले.

"पोटात गेला का छातीत गेला, कुणी बघितलं?" रेहाना म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. ती उठली आणि सिस्टरना बोलवायला गेली.

संध्याकाळी डॉक्टर आले. मी सांगितलं. 

"काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

"तुमी खाताना विचारलं होतं," मी म्हणाले. "मणी कुणी खातं का?"

त्यांनी कपाळाला हात लावला, पण रागावले नाहीत. रेहानाची बाहुली मागून घेतली, उरलेला मोठा डोळा नखानं टोकरून बघितला. प्लॅस्टिकचा, तुरीच्या दाण्याएवढा. "प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही, सीटीतही चकवतं," ते म्हणाले. "आणि भोक आहे याला. सुरुवातीला या भोकातून हवा जात राहिली असेल, म्हणून तुम्हाला पहिले दोन-तीन महिने त्रास झाला नाही." मग त्यांनी 'ग्रॅन्युलेशन' समजावलं. आत परकी वस्तू अडकली की शरीर तिच्यावर मांस चढवतं. बाभळीचा काटा बोटात राहिला की वर जसं मांस धरतं, तसंच. दुर्बिणीत दिसलेला गोळा तोच असू शकतो.

"असू शकतो," त्यांनी पुन्हा सांगितलं. "मणी खरंच पोटातून गेला असेल आणि ही गाठ वेगळीच असेल, असंही होऊ शकतं. मी खोटी आशा देणार नाही."

त्यांनी सर्जनना फोन करून ऑपरेशन पुढं ढकललं. सूज उतरायला स्टेरॉइड सुरू केलं. थोड्या दिवसांनी पूर्ण भूल देऊन पुन्हा आत जायचं, या वेळी 'रिजिड' म्हणजे न वाकणाऱ्या धातूच्या नळीनं, चिमटा घेऊन. मणी निघाला तर ठीक. नाही निघाला तर लोबेक्टमी आहेच.

ते दिवस आधीच्या दिवसांपेक्षा वाईट. आधी निदान आशा नव्हती. आता मी डोळे मिटले की मला तो मणी दिसायचा, कधी छातीत, कधी येळवशीच्या दिवशी गटारात. देवापुढं माणसं काय काय मागतात. मी मागितलं, मी वेंधळीच निघू दे. एवढा एकदा माझा मूर्खपणा खरा ठरू दे, सिद्धरामेश्वरा, मग जन्मभर लोक हसले तरी चालेल.

आमच्या यांचं वेगळंच चाललं होतं.  एकदा म्हणाले, "मी ते बोललो नसतो तर..." मी म्हणाले, "तुम्ही आयुष्यात एक धड विनोद केलात, त्याचंबी वाईट वाटून घेताय व्हय?" त्यांनी तोंड फिरवलं. डोळे पुसत होते. मला माणसाचं रडणं बघवत नाही, म्हणून मी आजींकडं बघितलं. आजीही पुसत होत्या.

दुसऱ्या ब्रॉन्कोस्कोपीचं मला काही आठवत नाही. भूल दिली की मधला भाग आपल्या हिशोबात येत नाही. जाग आली तेव्हा घसा सोलून निघाल्यासारखा झाला होता आणि कुणीतरी "काकू, काकू" म्हणत होतं. या वेळी राग आला नाही.

डॉक्टरांच्या हातात औषधाची छोटी काचेची बाटली होती. तळाशी पाणी आणि पाण्यात एक तपकिरी, बुळबुळीत काहीतरी. त्यांनी बाटली हलवली. तपकिरी थर सुटला आणि खाली काळा मणी घरंगळला. डोळाच की तो.

मी रडले. इतके दिवस अडवून ठेवलेलं सगळं, आवाज करून, घसा दुखत असताना.  हे आत आले, बाटली हातात घेऊन उजेडाकडं धरली आणि बराच वेळ बघत बसले.

"आपल्या दुकानातलाच माल हाय," एवढंच म्हणाले.

आजूबाजूच्या मांसाचा तुकडा पुन्हा तपासायला पाठवला होता, त्यात काही निघालं नाही. दबलेला भाग हळूहळू फुगला. पुरता नाही. एक फांदी थोडी रुंद राहिली आहे, तिथं कफ साचू नये म्हणून रोज सकाळी स्पायरोमीटर, म्हणजे श्वासानं तीन प्लॅस्टिकच्या गोळ्या वर उचलायचं खेळणं, ओढावं लागतं. तिसरी गोळी अजून नीट वर जात नाही. शिडीवर मी चढते, मध्ये एकदा थांबून.

डॉक्टरांचे आभार मी त्यांच्या तोंडावर मानले. प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता आणि ऐकल्यावर कापायचा हातही लगेच थांबवला. आमच्या उमरग्याच्या डॉक्टरांना मणी नेऊन दाखवला, त्यांनी तो दोनदा बघितला. रेहानाचे आभार मानायला गेले तर ती म्हणाली, "आभार नक्को, तो मणी द्या."

"कशाला? बाहुलीला लावायला?"

"छे! तिचे डोळे हेच राहू द्या. लहान डोळा हाय म्हणून तुमी हाय." मग म्हणाली, "द्या म्हटलं ना."

मी दिला. खरं म्हणजे माझ्या मनात तो ठेवून घ्यायचं होतं.

तुमच्यापैकी कुणाला खोकला असेल आणि तो जात नसेल, तर डॉक्टरांना फक्त खाल्लेलं सांगू नका. तोंडात जे जे धरता ते सांगा. शिवणाऱ्यांनी टाचणी, सुतारानं खिळा, माझ्यासारखीनं मणी. ठसका लागला आणि मग बरं वाटलं, तर ते बरं वाटणं खरं आहे का, हे बघून घ्या. गटावर मी हे सगळं लिहिलं तेव्हा विद्याताईंनी नवा नियम काढला: मणी वाटीत. कितीजणी पाळतात मला माहीत नाही. सवय वाईट असते.

या येळवशीला चिठ्ठ्या निघाल्या. मला कुरिअरनं बाहुली आली, वर अर्थातच नाव नव्हतं. उघडून बघितली आणि मी दुकानात एकटीच मोठ्यानं हसले. हातात बांगड्या, अंगावर माझी असते तशी साडी, आणि चेहऱ्यावर, सगळे नियम मोडून, एक तोंड. लाल दोऱ्याची एकच रेघ, घट्ट मिटलेली. वर ती उघडू नये म्हणून उभे तीन टाके. बाहुलीचा एक हात पुढं केलेला होता आणि त्या हातावर तो काळा मणी शिवला होता.

ओळखायला मला एक क्षण लागला नाही. मी रेहानाला फोन केला, पण तिनं उचलल्यावर बोलायला सुचेना.

"अक्का?" ती म्हणाली. "खोकला तर न्हाय ना आला?"

"न्हाय," मी म्हणाले.

आता काम घेऊन बसायच्या आधी मी ती बाहुली पदराला लावते. मग मणी वाटीत ओतते.